गडगा

शुक्रवार, रात्र

आजचा उपास पाळला, पण त्यात मर्दुमकी काही नाही. ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी आम्हा कॅथलिकांना मांस वर्ज्य, मासे चालतात. मालवणच्या किनाऱ्यावर बांगड्याचं तिखलं ओरपून कसला आलाय त्याग! आई म्हणूनच त्या दिवशी मासळी सोडायची. कुळथाची पिठी आणि भात. तिला नियमापेक्षा स्वतःची जीभ जास्त ठाऊक होती.

या वहीत मी ठिपके काढतो. संत इग्नेशियस लोयोलांची ही जुनी रीत: एकच दोष धरायचा, आठवड्याच्या प्रत्येक दिवसाला दोन रेघा, आणि जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके त्या रेघांवर. दुपारी एकदा, रात्री एकदा मोजायचं. मी राग धरला होता. पहिल्या आठवड्यात 19 ठिपके, दुसऱ्यात 11. काय ऐट होती माझी!

आणि गडगा? त्याला एकही ठिपका नाही. दादाच्या नि माझ्या जागेमधली ही दगडांची भिंत; दोन वर्षांपूर्वी पावसात ढासळलेला गडगा मी परत रचला, तो दादाच्या बाजूला हातभर सरकवून. अगदी शांतपणे, रागाचा लवलेश नसताना. रागाच्या रेघेवर तो येणारच कसा? मी दोषही सोयीचाच निवडला होता.

मंगळवारी कुमसारात, फादरांपुढे पापं कबूल करताना, सगळं ओकलो. वाटलं होतं, फादर चार प्रार्थना सांगतील नि सुटका. ते म्हणाले, दगड कधी हलवणार? चोरलेलं परत करायची तयारी नसेल तर पश्चात्ताप कसला, हे मला धर्मशिक्षणाच्या वर्गापासून पाठ आहे. बायबलातल्या मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलंही पाठ आहे: वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. इतक्या वेळा ऐकलं, की त्यातला भाऊ म्हणजे शेजारच्या घरातला दादा, हे कधी डोक्यातच आलं नाही.

आज सकाळी वीसेक फूट गडगा उतरवून जुन्या जागी रचला. बोटं सोलली. दगडांखाली दोन इंगळ्या निघाल्या. दादा पडवीत बसून बघत होता. मदतीला उठला नाही, आणि का उठावं? शेवटचा दगड बसला तेव्हा म्हणाला, "बरा केलंस. आणि काजींचा काय?"

त्या हातभर पट्ट्यात एक काजूचं झाड आहे. दोन हंगाम त्याची बी मीच वेचली. मिळून चौदा किलो. बायबलातल्या जकातदार जक्कयाने लबाडीने घेतलेलं चौपट परत करीन म्हटलं होतं, म्हणजे छप्पन्न.

चौदा मी लगेच कबूल केले. छप्पन्नाचं अजून बोललो नाही.