आमची वाटचाल : ऑफ-व्हाइटपासून बॉटल ग्रीनपर्यंत

वडिलांचा धंदा घररंगाच्या कंत्राटाचा. पुण्यातल्या पेठांमधली जुनी घरं आणि ठरलेला ऑफ-व्हाइट. घर उजळ दिसलं की गिऱ्हाईक खूश. पुढे मी सुतारकाम आणि पॉलिशही घ्यायला लागलो, तरी भिंती पांढऱ्याच राहिल्या.

2020 च्या टाळेबंदीत घरोघरी एक खोली ऑफिस झाली आणि आम्हाला वेगळेच फोटो यायला लागले. विलायती वाचनालयं, काळपट हिरव्या भिंती, छताला भिडलेली पुस्तकं, पितळी दिवा. वडील म्हणाले, "पैसे मोजून खोली अंधारी करून घेतात?"

शंका रास्त होती. मुंबईत राजाबाई टॉवरचं 1878 चं वाचनालय बघा. तिथला गंभीरपणा पेलायला उंच छत आणि रंगीत काचांच्या खिडक्या आहेत. आपल्या फ्लॅटची उंची जेमतेम साडेनऊ फूट, त्यात डोक्यावर ट्यूबलाइट! 6500 केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) त्या थंड उजेडात बॉटल ग्रीन मेलेला दिसतो. म्हणून आम्ही आधी इलेक्ट्रिशियनला बोलावतो, रंगाऱ्याला नंतर. 2700 ते 3000 केल्विनचे पिवळसर दिवे, तेही छताला एक नाही; टेबलावर, कपाटाच्या फळीखाली, कोपऱ्यात. गडद भिंत उजेड गिळते, त्यामुळे दिवे जास्तच लागतात.

रंगाचं गणितही वेगळं. गडद शेड डीप बेसमध्ये, म्हणजे गडद रंग मिसळायच्या मूळ रंगात, बनते; त्यात पांढरा पिगमेंट नावापुरताच, त्यामुळे भिंत लवकर झाकली जात नाही. खाली राखाडी प्रायमर मारला तर रंगाच्या दोन हातांत (थरांत) भागतं. पांढऱ्यावर तिसरा, कधी चौथाही द्यावा लागतो. लांबीतली (भिंतीच्या पुट्टीतली) प्रत्येक लाट बाजूच्या दिव्यात उठून दिसते, म्हणून घासकामाची मजुरी आम्ही वेगळी लावतो आणि त्यात घासाघीस करत नाही. सागवानाच्या जुन्या कपाटाला चपडा लाखेचं पॉलिश मात्र आम्ही आवडीनं करतो. मरून रंगाच्या भिंतीपुढे ते जे खुलतं, ते कुठल्याच लॅमिनेटला जमत नाही.

एका बाबतीत आम्ही हट्टी आहोत. बाहेरच्या भिंतीला ओल असेल तर गडद रंग लावत नाही. ऑफ-व्हाइटवर खार (ओलीबरोबर वर येणारा पांढरा क्षार) फुटला तर वर्षभर खपून जातो, नेव्ही ब्ल्यूवर आठवड्यात पांढरे डाग दिसतात. आधी गळती काढायची, भिंत वाळू द्यायची. म्हणून ही कामं आम्ही नोव्हेंबरनंतरच धरतो, आणि जूनमध्ये आलेल्या गिऱ्हाइकाला नुसती शेड कार्डं देऊन परत पाठवतो.