कातडी ठेवायची की काढायची?

कत्तलखान्याचा फॉर्म एकाच पानाचा असतो. वर नाव, फोन नंबर, डुकराच्या कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक, आणि त्याखाली पहिलाच प्रश्न: कातडी ठेवायची की काढायची? मागच्या वर्षी मी तो रकाना कोरा सोडला होता. ज्या ठिकाणी डुक्कर नेलं होतं तिथे काही लिहिलं नसेल तर सरळ सोलून टाकायची पद्धत. सोलताना कातडीबरोबर बोटभर जाडीची चरबी गेली, उरलेली त्यांनी तासून फेकली. चॉप, म्हणजे पाठीच्या मांसाचे आडवे काप, अर्ध्या इंचाचे कापले. तव्यावर टाकल्या टाकल्या ते आकसले आणि चामड्यासारखे वातड झाले. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. वर्षभर हातानं वाढवलेलं जनावर, आणि त्याचा सगळ्यात चांगला भाग कचऱ्यात.

म्हणून या ऑक्टोबरात दोन डुकरं न्यायची होती, तेव्हा तो फॉर्म मी पंधरा दिवस आधीच मागून घेतला. फ्रिजवर चिकटवून ठेवला होता.

मी मूळची वसईची. आमच्याकडे लग्न म्हटलं की डुक्कर आलंच. मांडव घातला की दुसऱ्या दिवशी पहाटे आजोबा आणि शेजारचे चारपाच जण मागच्या वाडीत जमायचे. सुक्या झावळ्या पेटवून केस भाजायचे, वरून उकळतं पाणी टाकायचं आणि सुरीच्या पाठीनं कातडी खरवडायची. ती पार पांढरी निघाली की आजोबा ओल्या तळव्यानं तिच्यावर थापटायचे. कातडी काढायची असते हे आमच्या गावात कुणाच्या डोक्यातही आलं नसतं. इंद्याल म्हणजे आमचं शिरक्यातलं डुकराचं कालवण. त्याच्या तुकड्याला मांस, चरबी आणि कातडी तिन्ही लागतात, तरच तो शिरक्यात शिजून जिभेवर विरघळतो.

आता आम्ही पेन्सिल्वेनियात सहा एकरांवर राहतो. भाजी, अंडी आणि थोडी डुकरं, यावर आमचं घर चालतं. डुकरं कुनेकुने जातीची. ही मूळ न्यूझीलंडची. माओरी भाषेत कुनेकुने म्हणजे गोलमटोल. बुटकी, केसाळ, आखूड नाकाची, आणि जबड्याखाली दोन्ही बाजूंना मांसाचे छोटे लोलक लोंबतात. 1970च्या दशकात ही जात जवळजवळ संपली होती. 1978च्या सुमारास मायकल विलिस आणि जॉन सिमिस्टर या दोघांनी देशभरातून मिळतील तेवढी गोळा केली, आणि जेमतेम 18 डुकरांपासून पैदास पुन्हा उभी राहिली. आमच्या कुरणात लोळणारं पिल्लू पाहिलं की मला हे हटकून आठवतं.

बाजारातलं पांढरं डुक्कर सहा महिन्यांत सव्वाशे किलोंचं होतं. कुनेकुनेला वर्ष, सव्वा वर्ष लागतं आणि तरी ते त्याच्या जवळही जात नाही. आमची दोन्ही खच्ची केलेली, सोळा महिन्यांची. एक 82 किलोंचं, एक 77. मुलानं मोठ्याचं नाव काळू ठेवलं होतं आणि धाकट्याचं भोपळ्या. नाव ठेवू नये असं लोक सांगतात. मी कधी अडवलं नाही. रोज सकाळी ज्याला हाक मारायची त्याला नाव असायलाच हवं.

भोपळ्या आम्ही जिवंतपणीच पलीकडच्या एका कुटुंबाला विकला होता. इथला कायदा तसा आहे. छोट्या कत्तलखान्यात सरकारी निरीक्षकाशिवाय कापलेलं मांस मालकानं घरी खायचं, पाहुण्यांना फुकट वाढायचं, पण विकायचं नाही. प्रत्येक पुडक्यावर 'विक्रीसाठी नाही' असा शिक्का असतो. त्यामुळे ज्याला मांस हवं त्यानं आधी डुक्कर विकत घ्यायचं. तो मालक झाला की फॉर्मही त्याचाच.

आठ दिवस आधीपासून मी दोघांना ट्रेलरमध्येच खायला घालत होते. आदल्या दुपारपासून खाणं बंद, पाणी मात्र चालू. पोट रिकामं असलं की आतडी काढताना फुटायची भीती कमी आणि मांस खराब होत नाही. सकाळी सहा वाजता बादली वाजवली, भोपळ्या सरळ चढून आत गेला. काळू फळीपाशी थांबला. आदल्या दिवसापर्यंत उजेडात चढायची सवय होती, त्या दिवशी आत काळोख होता. नवरा फळकुट घेऊन मागे उभा राहिला. "ढकलूया का? आठची वेळ दिलीय," म्हणाला. मी नको म्हटलं. डुक्कर घाबरलं, धावलं, किंचाळलं की कापल्यानंतर मांसात आम्ल भरभर वाढतं, मांस फिकं पडतं आणि पाणी सोडतं. पण खरं सांगायचं तर मांसाचा विचार नंतरचा. शेवटच्या सकाळी त्याला कुणी ढकलावं हे मला पटत नव्हतं.

मी आत जाऊन गवतावर बसले. टॉर्च लावून खाली ठेवला. खिशातल्या सफरचंदाची एक फोड काढून हातावर धरली. काळू बाहेरूनच नाक हलवत होता, ओलं, मातीनं माखलेलं, कडा सारख्या थरथरणाऱ्या. पुढचा एक पाय फळीवर टाकायचा, फळी वाजली की मागे घ्यायचा. मी काहीच बोलले नाही. चाळीस मिनिटं गेली. मग तो एकदम चढला, माझ्या मांडीला अंग घासलं आणि फोड घेतली. नवऱ्यानं दार हळूच ओढलं. मी पुढच्या छोट्या दारातून बाहेर पडले तेव्हा दोघं एकमेकांना टेकून झोपायच्या तयारीत होते.

कत्तलखान्याच्या मालकाला मी उशिराचं कारण सांगितलं. तो म्हणाला, "चाळीस मिनिटं काय, दोन तास लागले असते तरी चाललं असतं." तेव्हाच मला वाटलं की या वर्षी डुक्कर योग्य हातात दिलंय.

मी थांबून बघते म्हटलं, त्यानं हरकत घेतली नाही. काळूच्या कपाळावर जनावराला क्षणात बेशुद्ध करणारं बोल्टचं पिस्तूल टेकलं, आवाज झाला आणि तो जागच्या जागी बसला. लगेच गळ्याखाली सुरी. मी डोळे मिटले नव्हते. मनातल्या मनात मरियामातेची 'नमो मरिये' ही प्रार्थना एकदा म्हटली, आजोबा म्हणायचे तसं.

मग साठ-बासष्ट अंशांच्या पाण्यात त्याला बुडवलं. हे पाणी फार गरम झालं तर कातडी शिजते आणि केस घट्ट धरून बसतात, थंड राहिलं तर सुटतच नाहीत. मालक दर अर्ध्या मिनिटाला कानामागचे केस चिमटीत धरून ओढून बघत होता. केस सुटले तसं खरवडणं सुरू झालं. काळूच्या अंगावरचा काळा थर केसांबरोबर निघत गेला आणि खालून दुधट पांढरी कातडी आली. वसईच्या वाडीतली तीच पांढरी कातडी. मी हात ओला केला आणि तळव्यानं थापटलं. मालकानं माझ्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही.

आतडी काढल्यावर त्यानं कलेजी माझ्यासमोर धरली. "हे बघा." गडद लाल रंगात तांदळाच्या कणीएवढे पाचसहा पांढरट ठिपके होते. गोल जंतांची पिल्लं यकृतातून प्रवास करतात तेव्हा हे डाग उरतात. एवढे थोडे असले तर तेवढा भाग कापून टाकायचा, बाकीची कलेजी खायला हरकत नाही. पण मला लाजल्यासारखं झालं. उन्हाळ्यात जंताचं औषध द्यायला मी महिनाभर उशीर केला होता, आणि ते इथे दिसत होतं.

दहा वाजता काउंटरवर फॉर्म घेऊन बसले आणि मावशीला फोन लावला. वसईत संध्याकाळचे साडेसात.

"रक्त धरलंस का, बाय?"

"मावशी, इथे रक्त देत नाहीत."

"मग रक्ताशिवाय कालवण, सोरपोतेल, कसलं करणार? बरं, मुंडी घे. कान, जीभ, दिल, कलेजी, काही सोडू नको. चरबी?"

"सगळी घेतेय. पोटातली वेगळी, पाठीवरची वेगळी."

"पोटातली मंद आचेवर. तपकिरी होऊ देऊ नको."

मग एकेक रकाना. पाठीचा भाग सगळ्यात अवघड, कारण तिथे एक घेतलं की दुसरं जातं. हाडासकट चॉप घेतले तर पाठीकडच्या बरगड्यांचा वेगळा तुकडा मिळत नाही, तेच हाड चॉपला लागतं. आतली मऊ लांबट पट्टी अख्खी काढून घेतली तर मागच्या चॉपांत ती नसते. बाजारातल्या डुकराच्या चॉपांत मांसाचा गोळा तळहाताएवढा असतो, कुनेकुनेचा माझ्या मुठीपेक्षा लहान आणि भोवती दोन बोटं चरबी. हे अर्ध्या इंचाचं कापणं म्हणजे मागच्या वर्षीचीच चूक. मी दीड इंच लिहिलं, हाडासकट, चरबी तासायची नाही. मालकानं तो आकडा वाचून मान हलवली आणि म्हणाला, "बरोबर. हे चरबीचं डुक्कर आहे, त्याला त्याच्यासारखंच कापायला हवं."

पोटाचा पट्टा लोक डोळे झाकून बेकनला देतात. या जातीत त्या पट्ट्यात चरबीच जास्त, धुरी देऊन पातळ कापला की तव्यात निम्मा वितळतो. मी तो ताजाच मागितला, कातडीसकट, दोन-दोन किलोंचे तुकडे. इंद्याल यातूनच होणार. एक खांदा अख्खा, एकाचा खिमा. मागच्या मांड्यांपैकी एक मिठात मुरवून धुरी द्यायला, दुसरी हाडासकट मोठे तुकडे करून. पाय चारही. भोपळ्याच्या मालकिणीचा फॉर्म माझ्या शेजारीच होता. तिनं बेकन, हॅम आणि सॉसेज लिहिलं होतं, चरबीच्या रकान्यात 'नको'. मी तिला तिथूनच फोन केला आणि पोटातल्या चरबीचं तूप घालून केलेल्या ॲपल पायसारख्या पदार्थाचं आवरण कसं पापुद्र्यांचं होतं ते सांगितलं. तिनं 'नको' खोडायला लावलं.

धुरी द्यायची मांडी मागाहून मिळणार होती, बाकीची पुडकी दहा दिवसांनी आली. काळू मुंडी आणि आतडी वगळून टांगलेला 58 किलो भरला होता. दोन फ्रीझर भरले. इंद्यालाचा पहिला टोप रविवारी शिजला. कातडीचा तुकडा दोन बोटांत दाबला की दबत होता आणि सोडला की पुन्हा वर येत होता. मी मावशीला व्हिडिओ कॉल लावून दाखवला. ती स्क्रीनच्या अगदी जवळ आली, बघितलं आणि म्हणाली, "शिरका अजून अर्धी वाटी."

पोटातली चरबी मी त्याच संध्याकाळी बारीक कापून जाड बुडाच्या भांड्यात चढवली, बुडाशी वाटीभर पाणी घालून. चार तास मंद आचेवर. पातळ फडक्यातून गाळून बरण्यांत ओतली तेव्हा फिकट सोनेरी होती, सकाळपर्यंत गोठून चुन्यासारखी पांढरी झाली. तीन बरण्या. मी त्यांवर तारीख लिहायला बसले. मुलगा शेजारी येऊन उभा राहिला, माझ्या हातून पेन घेतलं आणि तारखेखाली तिन्ही बरण्यांवर 'काळू' असं लिहिलं. मी कॅलेंडरवर उरलेल्या पिल्लांच्या जंताच्या औषधाची तारीख लाल शाईनं मांडली.