उन्हाळ्यावरची बाटली

२ जून

आंब्याच्या पेट्या संपल्या, पावसाचा पत्ता नाही. माझ्यापुढे दोन ईमेल: बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेची इंटिग्रेटेड पीएचडी (एमएस्सी आणि पीएचडी एकत्र) आणि पुणे विद्यापीठातली बायोटेक्नॉलॉजीची एमएस्सी. शुक्रवारपर्यंत कळवायचंय.

बाबांच्या मते यात विचार कसला करायचा? शास्त्रज्ञ ओबेद सिद्दिकींनी १९६२ साली मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत मॉलिक्युलर बायोलॉजीचा गट सुरू केला, त्यातूनच पुढे एनसीबीएस झालं, हे मीच त्यांना कौतुकाने सांगितलं होतं. आता तेच मला ऐकवतात. पण सहा-सात वर्षं! पुण्यात दोन वर्षांत एमएस्सी होईल, मग नेट परीक्षा निघाली तर जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीचे महिना ३७,००० मिळतील. तोवर आपल्याला काय आवडतं ते तरी कळेल.

कारण ते मला कळलेलंच नाही. कॉलेजात डीएनएच्या प्रती काढणारं पीसीआरचं मशीन होतं, प्लास्टिकच्या कव्हरखाली. तीन वर्षांत दोनदा उघडलं, दोन्ही वेळा आम्ही मागे उभ्या राहून बघितलं. ९५ अंशांना डीएनएचे दोन धागे सुटतात, ७२ अंशांना टॅक पॉलिमरेज हे एन्झाइम नवा धागा जोडतं, हे झोपेतही सांगीन. हाताने एकदाही केलेलं नाही. मायक्रोपिपेट मिळाली ती रंगीत पाणी मोजायला.

एनसीबीएसमधल्या एका ताईला फोन केला. म्हणाली, पहिल्या वर्षी वेगवेगळ्या लॅबमध्ये रोटेशन करायचं, मग ठरवायचं. गाइडचे पेपर नंतर वाच, आधी त्याची मुलं किती वर्षांत बाहेर पडली आणि कोण मधेच सोडून गेलं ते विचार. शेजारी बसलेल्या आजीचा प्रश्न वेगळाच: "तिला इचार गो, जेवते कुठं?" पलीकडून ताई इतकी हसली की उत्तर राहूनच गेलं.

संध्याकाळी आजीचे गुडघे शेकायला तुरळच्या उन्हाळ्यावर, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यावर गेलो. कडेच्या दगडावर हिरवट, बुळबुळीत थर होता. टॅक ज्या जिवाणूचं, तो थर्मस ॲक्वाटिकस अमेरिकेच्या यलोस्टोनमधल्या असल्याच उन्हाळ्यातला, १९६९ साली नोंदवलेला. आमच्या दगडावर कोण कोण राहत असेल? आजी दोनदा हाक मारेपर्यंत मी उकिडवी बसून नखाने तो थर खरवडत होते. निघताना बाटलीत थोडा भरून घेतला.

रात्री बंगळुरूला होकार कळवला. पुण्याला नकार लिहायचाय, तो उद्या.

बाटली फ्रिजात आहे. गरम पाण्यातले जीव तिथे काय करणार म्हणा! आईने सुरमईचा डबा मात्र खालच्या कप्प्यात हलवलाय.