तुम्ही विचारलंत म्हणून: मी मराठी चॅनल का लावत नाही

प्रत्येक सुट्टीत साताऱ्याला गेले की मामी, काकू, सोसायटीतल्या सगळ्याजणी हेच विचारतात. तिकडे सगळे मराठी चॅनल दिसतात ना, मग तू ते जर्मन काय बघत बसतेस, कळतं तरी का? मी दरवेळी म्हणते, भाषेसाठी. ते खोटं नाहीये. जर्मनीत हॅनोवरला आले तेव्हा क्लासमधलं जर्मन आणि लोक बोलतात ते जर्मन यांचा काही संबंधच नव्हता. मग टेलिटेक्स्टचं, म्हणजे टीव्हीवरच उघडणाऱ्या मजकुराच्या पानांमधलं, १५० नंबरचं पान लावायचे, बहिऱ्या लोकांसाठी सबटायटल्स असतात त्यावर, आणि आठच्या बातम्या रोज वाचत वाचत ऐकायचे. रविवारी सव्वाआठला टाटऑर्ट, १९७० पासून चाललेली पोलिसी मालिका, शेजारच्या आजींकडे बसून. खुनी कोण ते मला त्या नंतर समजावून सांगायच्या. शिवाय टीव्ही-रेडिओची फी म्हणून महिन्याला १८.३६ युरो भरावेच लागतात, घरात टीव्ही असो नसो, मग बघू नको का?

पण हे पूर्ण उत्तर नाही.

१८ मार्च २०२०. तेव्हाच्या चान्सलर मर्केल कोरोनाबद्दल बोलायला टीव्हीवर आल्या. नववर्षाचं भाषण सोडलं तर इतक्या वर्षांत त्या अशा कधी बोलल्या नव्हत्या. "एस इस्ट एर्न्स्ट. नेमेन झी एस आउख एर्न्स्ट." परिस्थिती गंभीर आहे, तुम्हीही ती गंभीरपणे घ्या. सबटायटल्स लावलेच नव्हते आणि मला शब्द न् शब्द कळला, आणि खरं सांगते, पहिल्यांदा मला आनंदच झाला की अरे, मला कळतंय! माझ्या वडिलांची, अण्णांची तब्येत तेव्हा आधीच बरी नव्हती. ईस्टरच्या सुट्टीचं तिकीट काढलेलं होतं. नवरा म्हणाला उद्याच निघतेस का, मी म्हटलं थांब, दोन आठवड्यांचा तर प्रश्न आहे. दुसऱ्या दिवशी भारताने जाहीर केलं, २२ तारखेपासून बाहेरून येणारी विमानं बंद. एप्रिलमध्ये अण्णा गेले. मी फोनच्या स्क्रीनवर बघितलं सगळं. लॉकडाऊनमुळे चारच माणसं होती, आणि भावाचा हात इतका थरथरत होता की मला बराच वेळ नुसतं आभाळ दिसत होतं.

इतकी वर्षं कळावं म्हणून टीव्ही बघितला, आणि कळलं त्या दिवशी मी सोफ्यावरून उठले नाही. कुणी म्हणेल, तुला काय माहीत होतं. माहीत होतं ना. सांगितलं होतं त्यांनी.

मराठी मालिकांचं म्हणाल तर, शनिवारी दुपारी इथे अडीच-तीन वाजता मी अण्णांना फोन करायचे, तेव्हा तिकडे संध्याकाळचे सात-साडेसात. मागे मालिकेचं टायटल साँग सुरू झालं की ते म्हणायचे, "बरं बाळा, ठेवू का?" मला तेव्हा राग यायचा, मालिका माझ्यापेक्षा मोठी का. आता तसलं काही लागलं की मी खोलीतून बाहेर जाते. मराठीचा कंटाळा आलाय, मुलीला मराठी शिकवायची नाहीये, असं काही नाही. रविवारी सकाळी लहान मुलांच्या 'माउस' नावाच्या कार्यक्रमात सुरुवातीची ओळख आधी जर्मनमध्ये आणि मग एका परक्या भाषेत सांगतात, तेव्हा ती दरवेळी विचारते, आज मराठी आहे का?

पुढच्या वर्षी लावेन कदाचित. माहीत नाही. आई आता माझा फोन उचलला की आधी टीव्हीचा आवाज बंद करते. मी तिला तसं कधी सांगितलेलं नाही.