तुम्ही विचारलंत म्हणून: डबीर म्हणजे काय?

नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "डबीर? म्हणजे मूळचे कुठले तुम्ही?" शेवटी 'कर' असलेल्या आडनावात गाव सापडतं. आमच्या आडनावात गाव नाही, हुद्दा आहे.

डबीर म्हणजे फारसीतला दबीर, दरबारचा लेखक. इराणात आजही माध्यमिक शाळेतल्या शिक्षकाला दबीर म्हणतात. बंगालच्या हुसेनशहाकडे 'दबीर खास' होते ते रूप गोस्वामी, पुढे चैतन्य महाप्रभूंचे शिष्य झालेले. गालिबला बहादुरशहा जफरनं १८५० साली 'दबीर-उल-मुल्क' हा किताब दिला. आपल्याकडे सुलतानांचा कारभार फारसीतून चाले, त्यातून हा शब्द मराठीत उतरला आणि 'द'चा 'ड' झाला.

शहाजीराजांनी शिवाजीराजांबरोबर पुण्याला जे कारभारी दिले, त्यांत सोनोपंत डबीर होते. त्यांचे चिरंजीव त्रिंबकपंत महाराजांबरोबर आग्र्याला गेले. महाराज निसटल्यावर त्रिंबकपंत मोगलांच्या हाती सापडले आणि त्यांनी छळ सोसला. स्वराज्याच्या त्या कसोटीच्या वेळी हे आडनाव तिथे होतं, याचा मला फार अभिमान वाटतो. मात्र हा हुद्दा काही एकाच घराण्याचा किंवा एकाच दरबारचा नव्हता. त्यामुळे आडनाव एक म्हणजे कूळ एक, असं धरू नये.

डबीराकडे परराज्यांचा कारभार असे. आलेल्या वकिलांचा मानमरातब राखायचा, लढाई की तह याचा सल्ला द्यायचा, पत्रव्यवहार सांभाळायचा. पत्रातला मायना ही तर मोठी नाजूक गोष्ट. बड्या सरदाराला 'अखंडितलक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री', त्याखालच्याला नुसतं 'राजश्री'. एक विशेषण गाळलं तरी समोरच्याचा मान उतरे. मजकूर संपला की शेवटच्या अक्षराला लागून 'मर्यादेयं विराजते' असं मोर्तब, म्हणजे समाप्तीचा शिक्का, उठे, म्हणजे खाली कुणाला एक ओळही घुसडता येऊ नये. लेखणीच्या कामात एवढी जोखीम होती.

मग १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला आणि हुद्द्यांना संस्कृत नावं मिळाली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री आणि डबीराचा सुमंत. पहिले सुमंत रामचंद्र त्रिंबक, म्हणजे त्रिंबकपंतांचेच चिरंजीव. कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश झाला तो याच विचारातून. दरबारात सुमंत रुळला, घराघरांत डबीर टिकला. आज दोन्ही आडनावं आहेत.

"मग आता सुमंतच का लावत नाही?" असंही कुणी सुचवतं. नाही लावणार. सुमंत हे नाव स्वराज्य उभं राहिल्यानंतरचं. ते उभं करताना जे खपले, ते डबीर याच नावानं खपले.