मागच्या दाराचं काय?

कुलूप घ्यायची वेळ आली की आपल्या डोळ्यांपुढे पुढचंच दार येतं. सात लिव्हरचं, पितळी, हातात घेतल्यावर वजन जाणवेल असं कुलूप पुढे लटकतं. मागच्या दाराला मात्र आजेसासऱ्यांच्या काळातली कडी असते. ती बाहेरून फटीतून पट्टी घालून उचलता येते हे घरातल्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं, कारण किल्ली विसरून आलेल्या प्रत्येकाने ती तशी उचललेली असते. शिवाय पुढचं ते भलंमोठं कुलूप रस्त्याने जाणाऱ्याला आधी काय सांगतं, तर घरात कोणी नाही. सुट्ट्यांच्या तोंडावर पोलीस बजावतात, गावाला जाताना शेजाऱ्यांना सांगून जा, दागिने घरात ठेवू नका. शेजाऱ्यांना आपण सांगतोही. मागच्या दाराचा विषय कोणीच काढत नाही.

सांगलीतलं आमचं घर बैठं, जुनं आणि दारांच्या बाबतीत सढळ हाताचं. पुढचं दार, व्हरांड्याची लोखंडी जाळी, स्वयंपाकघरातून परसात उघडणारं दार, गच्चीचं दार, आणि बोळाकडचं एक, ज्याचा उपयोग आता कोणालाच आठवत नाही. पण ते बुजवून टाकू म्हटलं की सासूबाई म्हणतात, ‘‘असू दे, कधी लागतं.’’ गल्लीत लागोपाठ घरफोड्या झाल्या तेव्हा, दार उघडलं की कळवणारे सेन्सर बसवायचे ठरले. सीसीटीव्हीची कामं करणारा एक तरुण आला, घरभर हिंडला आणि त्याने विचारलं, ‘‘काकू, सगळ्यात जास्त कुठलं दार उघडतं?’’ सासूबाई म्हणाल्या, पुढचं. तो परसात जाऊन आला. मागचा उंबरा मधोमध झिजून खोलगट झालेला त्याने पाहिला होता. ‘‘मागचं,’’ तो म्हणाला आणि वहीत खूण केली.

वस्तू पाहाल तर वाटेल, एवढ्याशाला पैसे कसले घेतात? दोन पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्या. एक दाराच्या फळीवर, दुसरी चौकटीवर, दार मिटलं की शेजारीशेजारी येतील अशा. फळीवरच्या डबीत फक्त लोहचुंबक. चौकटीवरच्या डबीत काचेची बारीक बंद नळी आणि तिच्यात धातूच्या दोन पातळ पट्ट्या, एकमेकींना जेमतेम न टेकणाऱ्या. चुंबक जवळ आला की पट्ट्या चिकटतात, दूर गेला की सुटतात. याला रीड स्विच म्हणतात. बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमधल्या वॉल्टर एलवुड यांनी तो १९३६ साली तयार केला. दार उघडताच विजेची घंटा वाजवायची कल्पना त्याहूनही बरीच जुनी आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या समरव्हिलच्या ऑगस्टस पोप यांना तिचं पेटंट मिळालं ते २१ जून १८५३ रोजी. आपल्याकडे तेव्हा बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी जाऊन दोन महिने झाले होते. पुढे एडविन होम्स यांनी पोप यांचे हक्क विकत घेतले आणि न्यूयॉर्कमध्ये त्यावर मोठा धंदा उभा केला.

या चुंबकाला चोर ओळखता येत नाही. फळी चौकटीपासून सुटली, एवढंच त्याला कळतं. चोर, दूधवाला, न कळवता आलेली नणंद, सगळे त्याला सारखेच. आणि त्याच्या स्वतःच्या खोडीही असतात. व्हरांड्याच्या जाळीवर तो नीट चालेना, कारण लोखंड चुंबकाचा जोर आपल्याकडे ओढून घेतं. शेवटी त्या पोराने डबीखाली लाकडाची चकती बसवून तिला लोखंडापासून अंतरावर ठेवलं. लाकडी दारांचा त्रास निराळा. पावसाळ्यात फळी फुगते, दार चौकटीत पुरतं बसत नाही, दोन डब्यांमधलं अंतर दीड-दोन सेंटिमीटरच्या पुढे गेलं की साधा सेन्सर दार उघडंच आहे असं धरून चालतो. आमचं गच्चीचं दार आषाढापासून असं हट्टाने उघडंच असतं, सेन्सरच्या लेखी.

फुगलेल्या दारांचं सांगलीकरांना नवल नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पंचेचाळीस फुटांना धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली होती. त्या दिवसांत बोटी दाराशी येऊनही किती तरी माणसं वरच्या मजल्यावरून उतरायला तयार नव्हती. पाण्याची भीती होतीच, पण रिकाम्या घरात चोर शिरतील याची जास्त. गळ्याएवढ्या पाण्यातून चोर येईल, या धास्तीपुढे कुठलं यंत्र काय करणार होतं देव जाणे.

तर, मला या सगळ्या प्रकरणात जी गोष्ट खरोखर आवडली ती त्या पोराने वायर ओढता ओढता सांगितली. पुढच्या दाराला त्याने वायरचा सेन्सर दिला. त्यात दार बंद असतं तेव्हा पट्ट्या चिकटलेल्या असतात आणि वायरीतून बारीकसा प्रवाह सतत वाहत असतो. दार उघडलं, प्रवाह तुटला, पॅनेलला, म्हणजे सगळे सेन्सर जोडलेल्या मुख्य डब्याला, कळलं. पण कोणी शहाणपणाने वायरच कापली तरी प्रवाह तुटतो आणि हूटर बोंबलतो. उंदराने कुरतडली तरी तेच. म्हणजे सगळं ठीक असताना तो सेन्सर अखंड ‘ठीक आहे, ठीक आहे’ म्हणत असतो आणि त्याचं ते म्हणणं थांबलं की धावायचं. वीज गेली तरी पॅनेलमधली बारा व्होल्टची बॅटरी हा जप चालू ठेवते.

मागच्या दाराला बिनवायरचा बसवला, कारण तिथे स्वयंपाकघराच्या भिंतीला छतापर्यंत टाइल्स आहेत आणि त्या फोडायला कोणी धजावलं नाही. हा गोल सेलवर चालतो. दार उघडलं की रेडिओने पॅनेलला एक हाक मारतो आणि पुन्हा गप्प. दार बंद आहे म्हणून गप्प, की सेल संपला म्हणून गप्प, हे पॅनेलला कळायला मार्ग नाही. महाग जातीचे बिनवायरचे सेन्सर ठरावीक वेळाने ‘मी जिवंत आहे’ असा निरोप पाठवत राहतात आणि तो आला नाही तर पॅनेल तक्रार करतं. आमचा त्या जातीचा नव्हता. पॅनेलमधलं सिमकार्डही त्याच कुळातलं. रिचार्ज संपला की ते मुकाट बसतं, आणि चोरीच्या रात्री आपल्याला फोन येत नाही म्हणून आपण पुण्यात निवांत झोपतो.

पूर्वी आमच्या गल्लीत गुरखा फिरायचा. काठी आपटत, शिट्टी फुंकत. ‘चोराला लांबूनच वर्दी देतो’ म्हणून त्याची थट्टा व्हायची, आणि महिन्याच्या सुरुवातीला तो पैसे मागायला आला की ती थट्टा दारातच पुन्हा व्हायची. पण मध्यरात्री कूस बदलताना ती काठी कानावर पडली की माणूस पुन्हा झोपी जायचा, आणि एखाद्या रात्री पडली नाही तर सासरे उठून खिडकीशी जायचे. गुरखा वायरवाला होता. आमचा मुलगा मात्र बिनवायरचा. हॉस्टेलला निघताना ‘पोचलास की फोन कर’ म्हटलं तर म्हणतो, ‘‘काही झालं तर करेनच की!’’

पॅनेलला एक सोय होती, कुठलंही दार उघडलं की ‘टिंग’ वाजायचं. सासूबाईंना ती पहिले काही दिवस फार आवडली. देवघरात बसून त्या दारं ओळखू लागल्या. नातू बाहेरून किती वाजता आला, मुलगा परसात फोनवर बोलायला किती वेळा गेला, सगळं जपमाळ न थांबवता. मग स्वतःच कंटाळल्या. प्रत्येक टिंगला ‘कोण आलं?’ विचारावं लागतं आणि उत्तर कोणी देत नाही. ती सोय बंद करून टाकली.

पण ती बंद होण्याआधीची एक सकाळ. कामाच्या मावशी मागच्या दाराने येतात, साडेसहाला, किल्ली त्यांच्याकडे असते. सेन्सर बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी दार उघडलं आणि टिंग झालं. त्या वर बघून थांबल्या. काही बोलल्या नाहीत. भांडी झाली, ओटा पुसून झाला, मग पदराला हात पुसत माझ्यापाशी आल्या.

‘‘वैनी, ह्ये माझ्यासाठी बसवलं व्हय?’’

मी गल्लीतल्या चोऱ्यांचं सांगितलं.

‘‘चोर तर रातीचं येतंय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आन् ह्ये सकाळी वाजलं.’’

यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर अजून सुचलेलं नाही. चुंबकाला नाव-गाव कळत नसेल, पण माणसांना वेळ कळते. साडेसहाची टिंग कोणाची, हे घरात सगळ्यांना ठाऊक. चोरी झालेल्या घरात ‘कामाला कोण येतं?’ हा प्रश्न किती लवकर निघतो, हेही मावशींना ठाऊक. गल्लीतल्या त्या घरफोड्यांनंतर तिथे काम करणाऱ्या बायकांना काय काय विचारलं गेलं ते त्यांनी ऐकलेलं होतं. आम्ही फक्त चोरीच ऐकली होती.

सेन्सर बसवणाऱ्या पोराने जाताना बजावलं होतं, कामाच्या माणसांना कोड देऊ नका. सासूबाईंनी त्या संध्याकाळीच मावशींना कोड दिला. मन मोठं म्हणून नव्हे. त्यांचा हिशेब साधा होता, ‘‘ती साडेसहाला येते, मी सातला उठते. तीस सेकंदांत आकडे दाबले नाहीत तर गल्ली गोळा होईल. रोज उठून दाबणार कोण?’’ मावशींनी आकडे पाठ केले, पहिल्या दिवशी मोठ्याने म्हणत दाबले, आणि सासूबाईंनी आतून ‘‘अगं, मनात म्हण!’’ म्हणून ओरडून, आकडे अख्ख्या गल्लीला कळायच्या आत त्यांना थांबवलं.

मग गणपती आले, घर माणसांनी भरलं, दारं दिवसभर उघडी. सेन्सरकडे बघायला कोणाला फुरसत नव्हती. गौरी गेल्यावर एका सकाळी मावशी म्हणाल्या, ‘‘वैनी, त्यो वरचा लाल दिवा आता लुकलुकत न्हाई. दार उघडलं की लुकलुकायचा.’’

पॅनेलवर सगळं हिरवं होतं. आम्ही रोज रात्री ते चालू करून झोपत होतो. डबी उघडून पाहिली, सेल संपलेला. किती दिवसांपूर्वी, ते त्या सेलला माहीत. मावशींनी ‘परवापासनं’ म्हटलं, पण त्यांचं परवा गेल्या सोमवारपासून कालपर्यंत कुठेही असू शकतं.

बाजारातून नवा सेल आणला. सासूबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथे ‘गॅस लावला’ आणि ‘दूध नको’ लिहितात, तिथे ‘मागचं दार सेल’ असं लिहिलं. मुलाने फोनवर आठवण लावून देतो म्हटलं. त्यांनी ऐकल्यासारखं केलं. मावशी स्टुलावर चढलेल्या माझ्याकडे बघत उभ्या होत्या.

‘‘पुढच्या दाराला न्हाई का ह्यो सेल?’’

‘‘नाही. तिथे वायर आहे. बिघडलं तर ते आपणहून ओरडतं.’’

‘‘मंग मागं का हलकंच बसवलं?’’

टाइल्सचं कारण त्यांना सांगितलं. त्यांनी टाइल्सकडे पाहिलं. गेल्या वर्षी फुटलेली एक अजून तशीच आहे, त्यातून वायर सहज जाईल असं त्यांचं मत पडलं. त्या पोराला फोन केला तर तोही म्हणाला, जाईल की. सासूबाई म्हणतात दिवाळी होऊ दे, आत्ता धूळ नको.