जहाजावरची पंगत: पहिली धरावी की दुसरी?

तूर विकली, कापसाची शेवटची वेचणी उरकली की आमच्या कारंजा-दारव्हा पट्ट्यातली माणसं फिरायला मोकळी होतात. याच दिवसांत आम्ही मंडळींनी समृद्धी महामार्गाने नागपूर, तिथून विमान बदलत सिंगापूर आणि मरिना बे क्रूझ सेंटरवरून जहाजाने पेनांग, फुकेत असा फेरा केला. बंदरांची वर्णनं पुष्कळ वाचायला मिळतात. मला लिहायचं आहे ते रात्रीच्या जेवणाच्या वेळेबद्दल. बुकिंग करताना एजंट ती न विचारताच टाकून देतो आणि गावाकडच्या माणसाची रोजची संध्याकाळ त्या एका रकान्यावर ठरते.

मोठ्या जहाजाच्या मुख्य डायनिंग हॉलमध्ये सगळे प्रवासी एका वेळी मावत नाहीत, म्हणून दोन पंगती. पहिली साधारण साडेपाच ते सहाला, दुसरी आठ ते साडेआठला. कंपनीनुसार थोडं इकडेतिकडे. पंगत पावणेदोन तास चालते, मग टेबलं पुसून, कापडं बदलून पुन्हा मांडायची. नाट्यगृहातही सगळे एकदम बसत नाहीत. त्यामुळे पहिल्या पंगतीवाल्यांना जेवल्यावर कार्यक्रम आणि दुसऱ्या पंगतीवाल्यांना जेवणाआधी, अशी अदलाबदल केलेली असते. लग्नात दुसऱ्या पंगतीला वरण पातळ होतं, ती भीती इथे नाही. दोन्ही वेळांना जेवण तेच आणि तसंच.

तिसरा प्रकार सोयीच्या वेळेचा. रॉयल कॅरिबियन ही जहाज कंपनी त्याला 'माय टाइम' म्हणते, कार्निव्हल कंपनी 'युवर टाइम'. नॉर्वेजियन कंपनीने तर 2000 सालापासून ठरलेली पंगतच सोडून दिली. ऐकायला हे बरं वाटतं, पण कंपनीच्या मोबाइल ॲपवर वेळ धरली नाही तर सात-साडेसातला दारात रांग लागते, आणि टेबल, वाढपी रोज नवे. आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांसाठी मी हा प्रकार घेणार नाही. ठरलेल्या पंगतीत टेबल तेच, वाढपी तोच. दुसऱ्या रात्रीपासून त्याला ठाऊक असतं की या आजींना अंडं चालत नाही, आजोबांना लिंबू आणि हिरवी मिरची लागते, दही आधी आणायचं. इंग्रजी न येणाऱ्या माणसाला याचा फार आधार असतो.

आता पहिली की दुसरी? "आपल्याकडची माणसं लवकर जेवतात" म्हणून एजंट साठीपुढच्या सगळ्यांना पहिल्या पंगतीत बसवतो. मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्या जहाजावर हे बरोबर आहे, कारण घड्याळ आपलंच राहतं. सिंगापूरचं घड्याळ मात्र आपल्यापुढे अडीच तास. तिथले संध्याकाळचे सहा म्हणजे दारव्ह्यातले दुपारचे साडेतीन! त्या वेळी कोणालाच भूक नसते. माणसं दोन घास खाऊन उठतात आणि जहाजाच्या साडेदहाला, म्हणजे घरच्या आठला, पोटात कावळे ओरडू लागतात. दुसरी पंगत साडेआठची, म्हणजे आपले सहा. सूप, सॅलड होऊन मुख्य ताट पुढ्यात येईपर्यंत घरचे साडेसहा-पावणेसात होतात. दिवेलागणीनंतर जेवणाऱ्या माणसाला हे मानवतं. तीन-चार रात्रींच्या फेऱ्यात शरीर नव्या घड्याळाला फारसं रुळतही नाही. म्हणून सिंगापूरहून दुसरी, मुंबईहून पहिली, हे माझं ठाम मत आहे.

याला अपवाद आहेत. कारंजा आणि शिरपूर भागातली जैन मंडळी सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. सिंगापूरला सूर्य वर्षभर सातच्या आसपास मावळतो, तेव्हा पहिली पंगत चालते, मात्र वाढप्याला बसताक्षणी "सातच्या आत सगळं" असं सांगावं लागतं. मुंबईहून डिसेंबरात जाल तर सूर्य सहालाच बुडतो. तेव्हा पंगतीचा नाद सोडून बुफेवर लवकर जेवून घ्यावं. जैन जेवण बुकिंगच्या वेळीच लेखी नोंदवा. जहाजावर चढून सांगितलं तर कांदा-लसूण नसलेली ग्रेव्ही त्या रात्री मिळण्याची खात्री नाही.

दुसरा अपवाद इन्सुलिन घेणाऱ्यांचा. टेबलावर बसल्याबरोबर सुई टोचली आणि पोळी-भाजी पाऊण तासाने आली, तर साखर उतरते. निघण्याआधी डॉक्टरांकडून अडीच तासांच्या फरकाचं वेळापत्रक लिहून घ्यावं आणि वाढप्याला सांगून पोळी-भाजी सूपबरोबरच मागवावी. एरवीही हे सांगितलेलं बरं. नाहीतर माणसं सुरुवातीच्या पावावरच पोट भरतात आणि जेवण येतं तेव्हा हात आखडतात. उद्याच्या भारतीय शाकाहारी जेवणाची मागणी आज रात्रीच मुख्य वाढप्याकडे नोंदवली की फुलका, डाळ, भात वेळेवर मिळतो.

फुकेतच्या दिवशी मात्र फार जपावं लागतं. थायलंडचं घड्याळ सिंगापूरपेक्षा एक तास मागे, जहाज आपली वेळ सहसा बदलत नाही, आणि मोबाइल किनाऱ्याचा टॉवर पकडून स्वतःच मागे सरकतो. मोबाइलवर पाच दिसतात तेव्हा जहाजावर सहा वाजलेले असतात. पंगत तर चुकतेच, जहाजही सुटू शकतं. मोबाइलमधली आपोआप बदलणारी वेळ बंद करा, किंवा हातात साधं घड्याळ घालून ते जहाजाच्या वेळेवर लावा. त्या दिवशी किनाऱ्यावरून परतायला उशीर होतो, म्हणून पहिल्या पंगतीवाल्यांची धावपळ होते. दुसरी निवडण्याचं हेही एक कारण. जैन मंडळींनी त्या दिवशी घड्याळ न बघता सूर्य बघावा. मार्चमध्ये फुकेतजवळ तो जहाजाच्या साडेसातच्या सुमाराला मावळतो.

गटाने जाणार असाल तर प्रत्येक खोलीचा बुकिंग क्रमांक एकमेकांना जोडून घ्या आणि सगळ्यांची पंगत एकच आहे का ते पाहा. नाहीतर सासू पहिल्या पंगतीत आणि सून दुसऱ्या, असं होतं. टेबलं बहुधा दोन ते दहा जणांची असतात. बारा जण असाल तर शेजारची दोन मागा. "जेवाले कितीक वाजता जा लागते?" हा प्रश्न रोज येतो, म्हणून वेळ आणि टेबल क्रमांक मोठ्या मराठी आकड्यांत लिहून प्रत्येकाच्या जहाजावरच्या खोलीच्या कार्डाच्या पाकिटात ठेवावा. वेळ बदलायची असेल तर चढल्या दिवशी दुपारीच डायनिंग हॉलच्या दारापाशी जावं. रात्र झाली की यादी भरलेली असते.

लुगडं, पातळ, धोतर, सदरा-पायजमा सगळं चालतं. पुरुषांनी बंडी किंवा अर्धी चड्डी घालून जाऊ नये, दारातच अडवू शकतात. घरचा ठेचा नि चटणी बहुतेक कंपन्या जहाजावर नेऊ देत नाहीत, सीलबंद पाकीट चालू शकतं. कंपनीचा नियम आधी विचारावा.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा ठरलेल्या वेळेआधी खोलीबाहेर ठेवाव्या लागतात. दुसऱ्या पंगतीवाले जेवून येईपर्यंत ती वेळ होत आलेली असते, म्हणून त्यांनी बॅगा जेवणाआधीच भराव्यात. सकाळची औषधं, पासपोर्ट आणि घालायचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवावेत.